बेकविथ-वीडेमान असलेलं मूल वाढवताना: आईबाबांचे नेहमीचे प्रश्न

बेकविथ-वीडेमान सिंड्रोमचं निदान झालेल्या बाळांचे आईबाबा, क्वचित आजीआजोबा, जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केलेत. शब्द शक्यतो त्यांचेच ठेवलेत. मी डॉक्टर नाही, अशा एका मुलीची आई आहे. तुमच्या डॉक्टरांनी इथल्यापेक्षा वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, फक्त तसं का, हे विचारून घ्या.

१. म्हणजे आमच्या बाळाला कॅन्सर आहे का?

नाही. हा वाढीचा विकार आहे. अकराव्या गुणसूत्राच्या टोकाशी वाढीवर ताबा ठेवणारी काही जनुकं असतात. त्यातली काही फक्त वडिलांकडून आलेल्या प्रतीत चालू असतात, काही फक्त आईकडून आलेल्या. हा हिशोब बिघडला की शरीराचा एखादा भाग गरजेपेक्षा जास्त वाढतो: जीभ, मूत्रपिंडं, यकृत, कधी एका बाजूचा हात-पाय. वाढीच्या या जास्तीच्या रेट्यामुळेच काही मुलांत लहानपणी गाठ होण्याची शक्यता असते. मूत्रपिंडात झाली तर विल्म्स ट्यूमर, यकृतात झाली तर हेपॅटोब्लास्टोमा. सगळे प्रकार एकत्र धरले तर शंभरातल्या नव्वद किंवा त्याहून जास्त मुलांना गाठ कधीच होत नाही.

बेकविथ हे अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट आणि वीडेमान हे जर्मन बालरोगतज्ज्ञ. दोघांनी १९६३ आणि १९६४ मध्ये वेगवेगळं वर्णन केलं, म्हणून हे जोडनाव. साधारण दहा-साडेदहा हजार जन्मांमागे एक बाळ असं असतं. त्यामुळे तुमच्या गावच्या डॉक्टरांनी याआधी एकही पाहिलेलं नसेल, तर त्यात त्यांचा दोष नाही.

२. फक्त जीभ मोठी आहे. एवढ्यावरून हे नाव कसं दिलं?

एवढ्यावरून देत नाहीत, देऊही नये. २०१८ मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांनी मिळून गुणांची पद्धत ठरवली. मोठी जीभ, जन्मतः बेंबीतून बाहेर आलेलं आतडं, एका बाजूची जास्त वाढ, आठवडाभरापेक्षा जास्त टिकलेली इन्शुलिनची अतिरिक्त निर्मिती अशा ठळक लक्षणांना प्रत्येकी दोन गुण. जन्माचं जास्त वजन, कानाच्या पाळीवरची रेघ किंवा कानामागची खळगी, कपाळावरचा लालसर डाग, बेंबीचा हर्निया, मोठी मूत्रपिंडं अशा लक्षणांना एकेक. चार किंवा जास्त गुण झाले तर तपासणीचा रिपोर्ट काहीही येवो, निदान धरतात. दोन झाले तर जनुकीय तपासणी करायला सांगतात. नुसती मोठी जीभ म्हणजे दोन गुण, म्हणजे तपासणी. थायरॉइडच्या कमतरतेतही जीभ मोठी दिसते, ते आधी पाहिलेलं आहे ना, एवढं विचारून घ्या.

३. जनुकीय तपासणी निगेटिव्ह आली. मग सुटलो का?

लगेच नाही. हा बिघाड अनेकदा शरीरातल्या सगळ्या पेशींत नसतो, काहींतच असतो. रक्तात तो सापडला नाही तरी गालाच्या आतल्या पेशींत किंवा जिभेच्या ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्यात सापडू शकतो. दर पाच मुलांपैकी साधारण एकाच्या बाबतीत कारण हाती लागतच नाही. लक्षणं पुरेशी असतील तर तपासण्या चालूच ठेवतात. आणखी एक गोष्ट: साध्या 'गुणसूत्र तपासणी'त हा बिघाड बहुधा दिसत नाही. मेथिलेशनची (जनुक चालू की बंद हे ठरवणाऱ्या रासायनिक खुणेची) वेगळी तपासणी लागते. तुमच्या रिपोर्टवर तो शब्द आहे का बघा. नसेल तर कदाचित चुकीची तपासणी निगेटिव्ह आलेली आहे.

४. रिपोर्टवर 'आयसी२' लिहिलंय, मैत्रिणीच्या मुलाच्या रिपोर्टवर 'यूपीडी'. फरक पडतो का?

गाठीच्या शक्यतेत बराच पडतो. आयसी१ आणि आयसी२ ही अकराव्या गुणसूत्रावरची, जनुकं चालू-बंद ठेवणारी दोन ठिकाणं. आयसी२ मधलं मेथिलेशन कमी झालेलं असेल (निम्मी मुलं या गटात येतात) तर शक्यता अडीच टक्क्यांच्या आसपास. यूपीडी, म्हणजे त्या भागाच्या दोन्ही प्रती वडिलांच्याच, असेल तर सोळाच्या आसपास. आयसी१ मधलं मेथिलेशन वाढलेलं असेल तर सर्वांत जास्त, पंचवीस टक्के किंवा त्याहून थोडी अधिक, आणि ती जवळपास सगळी विल्म्सची. सीडीकेएन१सी या जनुकातला दोष असेल तर साताच्या आसपास; या गटात न्यूरोब्लास्टोमावर (मज्जापेशींपासून होणाऱ्या गाठीवर) लक्ष ठेवतात, त्यासाठी लघवीची तपासणीही असते.

म्हणून मैत्रिणीच्या मुलाचं वेळापत्रक आपल्या मुलाला लावू नका, आणि आपलं तिला देऊ नका.

५. कोणत्या तपासण्या, आणि कधीपर्यंत?

पोटाची सोनोग्राफी दर तीन महिन्यांनी, सातव्या वाढदिवसापर्यंत. पहिली काही वर्षं पूर्ण पोटाची, नंतर मुख्यतः मूत्रपिंडांची. त्यासोबत रक्तातली एएफपी (यकृताच्या गाठीत वाढणारं एक प्रथिन), तीही तीन महिन्यांनी. ती कधी थांबवायची यावर एकमत नाही. जुन्या अमेरिकन शिफारशीत चार वर्षं आहे, नव्या मांडणीत अडीच. युरोपात बरेच डॉक्टर एएफपी करतच नाहीत, आणि आयसी२ गटाला नियमित सोनोग्राफीही सांगत नाहीत. जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये राहणारे मराठी आईबाबा 'इथले डॉक्टर निष्काळजी आहेत' असं लिहितात तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच असतं. निष्काळजीपणा नाही, शिफारस वेगळी आहे.

सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसतो, त्यामुळे ती कितीही वेळा केली तरी चालते. 'एकदाच सीटी स्कॅन करून मोकळे होऊ' हा विचार मात्र सोडा. आजचा सीटी पुढच्या तीन महिन्यांबद्दल काहीच सांगत नाही.

६. वर्षातून एकदा नाही का चालणार? दर वेळी रजा काढावी लागते.

नाही. लहान मुलांच्या या गाठी आठवड्या-आठवड्यात वाढतात. जानेवारीत स्वच्छ असलेल्या मूत्रपिंडात मेपर्यंत हाताला लागेल एवढी गाठ होऊ शकते. तीन महिन्यांचं अंतर यासाठी की सापडलीच तर लहान असताना सापडावी, पूर्ण मूत्रपिंड न काढता फक्त गाठ काढता यावी. वार्षिक तपासणीने मनाचं समाधान होतं, मुलाचा फायदा होत नाही. या पानावरचं बाकी काही विसरलात तरी चालेल, ही तारीख विसरू नका.

रजेचं म्हणाल तर चारही तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून घ्या आणि आईबाबांनी आलटून पालटून जा. एकट्या आईवर पडलं की पहिली तारीख चुकते ती दिवाळीच्या आसपासची.

७. एएफपीचा रिपोर्ट लाल अक्षरांत आला! 'नॉर्मल ० ते १०' आणि आमचं ३,०००. रात्रभर झोप नाही.

सर्वांत जास्त येणारा मेसेज हाच, बहुतेक वेळा रात्री, लॅबच्या पीडीएफच्या फोटोसकट. आधी बाळाचं वय बघा. छापलेली मर्यादा मोठ्या माणसांची असते. नवजात बाळाची एएफपी हजारोंत, अगदी पन्नास हजारांच्या वरही असते आणि पहिल्या वर्षात हळूहळू उतरते. बेकविथ-वीडेमानच्या बाळांत ती उतरायला आणखी वेळ लागतो. दोन महिन्यांच्या बाळात ३,००० बहुधा काळजीचं नसतं. दोन वर्षांच्या मुलात तोच आकडा आला तर त्याच दिवशी फोन करायचा.

एका आकड्यापेक्षा उतार महत्त्वाचा. मागच्या वेळेपेक्षा कमी असेल तर सहसा ठीक. वाढला असेल तर डॉक्टर सोनोग्राफी पाहतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा रक्त काढतात. दर वेळी एकाच लॅबमध्ये करा. लॅब बदलली की पद्धत बदलते, आकडे जुळत नाहीत, आणि उगाच एक आठवडा घाबरण्यात जातो. आमच्या फ्रिजवर तारखा आणि आकडे लिहिलेला एक साधा तक्ता असायचा. डॉक्टरांना पीडीएफच्या गठ्ठ्यापेक्षा तो जास्त उपयोगी पडायचा.

८. सोनोग्राफीला मूल हात लावू देत नाही. काय करू?

रडणारं मूल पोट घट्ट करतं आणि मग खरंच काही दिसत नाही. तान्हं असेल तर दुधाची वेळ साधा. किती तास उपाशी ठेवायचं ते केंद्राला आधी विचारा आणि दूध बरोबर न्या. ज्यांची साखर उतरते त्या बाळांना स्वतःच्या मनाने उपाशी ठेवू नका (प्रश्न १४). दोन-तीन वर्षांच्या मुलाला आईच्या मांडीवर, पाठ आईच्या छातीला टेकवून बसवता येतं, झोपवलंच पाहिजे असं नाही. खरी भीती त्या गार जेलची असते. बाटली आधी गरम पाण्याच्या मगात ठेवाल का, असं विचारलं तर नाही कुणी म्हणत नाही.

केंद्र निवडताना 'लहान मुलांची सोनोग्राफी रोज करता का?' एवढंच विचारा. बऱ्याच ठिकाणी 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी असते आणि बाकावर सगळ्या गर्भवती. तिथले डॉक्टर त्यांच्या कामात वाकबगार असतात, पण दीड वर्षाच्या मुलाचं मूत्रपिंड त्यांच्या रोजच्या बघण्यात नसतं. चिठ्ठीवर 'दोन्ही मूत्रपिंडांची लांबी, यकृत, अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल), आधीच्या रिपोर्टशी तुलना' असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि मूत्रपिंडं वयाच्या मानाने मोठी आहेत असं आलं तर दचकू नका, या मुलांत ती असतातच.

रेडिऑलॉजिस्ट कर्सरने दोन टोकं पकडतात, पडद्यावर सेंटिमीटर उमटतात, आणि आपण आकडा सोडून त्यांच्या कपाळावरची आठी वाचत बसतो. ती आठी बहुतेक वेळा आतड्यातल्या वाऱ्यामुळे असते.

९. तारीख चुकली. आता पुढच्या तारखेलाच जाऊ का?

नाही, याच आठवड्यात जा आणि पुढचे तीन महिने तिथून मोजा. गावी गेला असाल तर तालुक्याच्या ठिकाणची सोनोग्राफीही न करण्यापेक्षा बरी. जुने रिपोर्ट मोबाइलवर असू द्या. सोनोग्राफीच्या छापील प्रतिमा ज्या कागदावर येतात तो काही वर्षांत फिका पडतो, म्हणून त्यांचेही फोटो काढून ठेवा.

१०. मी रोज पोट दाबून बघते. योग्य आहे का?

रोज नको. आंघोळ घालताना नजर असू द्या: पोट एका बाजूने फुगलंय का, काही टणक लागतंय का, लघवी लालसर आहे का, विनाकारण ताप किंवा उलट्या आहेत का. यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. टणक काही लागलं तर पुन्हा दाबू नका, आणि आत्या-मावशी-शेजारीण सगळ्यांनी दाबून बघणं तर नकोच. विल्म्सची गाठ नाजूक असते, दाबाने फुटू शकते. पण घरचा हात सोनोग्राफीची जागा घेऊ शकत नाही (प्रश्न ६).

११. सासूबाई म्हणतात, ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून झालं.

ग्रहणाचा, विळीचा, पपईचा, स्कूटरवरून फिरण्याचा याच्याशी संबंध नाही. हा बिघाड बहुतेक बाळांत गर्भ अगदी सुरुवातीच्या अवस्थेत असताना, पाळी चुकल्याचंही नीट लक्षात आलेलं नसतं तेव्हा, आपोआप होतो. सुमारे ८५ टक्के कुटुंबांत आधी कुणालाच काही नसतं. सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा त्यांना एकदा जनुकतज्ज्ञांकडे बरोबर घेऊन जा. सुनेचं पटत नाही ते डॉक्टरांच्या तोंडून पटतं. आणि खोलीत नवराही असू द्या, म्हणजे 'डॉक्टर काय म्हणाले' याच्या दोन आवृत्त्या घरात फिरत नाहीत.

१२. आमचं बाळ आयव्हीएफचं. त्यामुळेच का?

संबंध आढळलेला आहे. आयव्हीएफच्या बाळांत हे प्रमाण इतरांपेक्षा काही पटींनी जास्त दिसतं. पण मुळातला आकडाच इतका लहान आहे की काही पटी होऊनही आयव्हीएफची बहुसंख्य बाळं यापासून दूर असतात. वंध्यत्वाच्या मूळ कारणाचा वाटा किती आणि प्रक्रियेचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर प्रश्न १८ वाचा.

१३. जिभेचं ऑपरेशन करावंच लागतं का?

सगळ्यांना नाही. चेहरा आणि जबडा वाढतो तशी अनेकांची जीभ तोंडात मावू लागते. श्वास अडणं, झोपेत घोरत घोरत मध्येच श्वास थांबणं, दूध ओढता न येणं, जबडा पुढे येणं यातलं काही असेल तर जीभ लहान करतात, बहुधा पहिल्या काही वर्षांत. झोपेत श्वास थांबतोय असं वाटलं तर मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून दाखवा, डॉक्टरांना वर्णनापेक्षा तो जास्त कळतो. कोणत्याही कारणासाठी भूल द्यायची असेल तर भूलतज्ज्ञांना निदान आधी सांगा. मोठ्या जिभेमुळे नळी घालणं अवघड जाऊ शकतं.

लोक 'जीभ आत घे' म्हणून बाळाला टोकतात, फोटोत तोंड मिटवतात. करू देऊ नका.

१४. जन्मल्यावर साखर कमी झाली होती. अजून जपायचं का?

तीनात एक ते दोनात एक बाळांची साखर पहिल्या दिवसांत उतरते आणि बहुतेकांची काही दिवसांत सावरते. मग विशेष काही करायचं नसतं. ज्यांना औषध चालू आहे त्यांनी ताप, उलट्या, उपास आणि ऑपरेशनपूर्वीची उपाशी वेळ यात सावध राहायचं. बाळ सुस्त पडलं, दूध ओढेना, थरथरलं, झटका आला तर लगेच रुग्णालय. बुद्धीवर या विकाराचा सहसा परिणाम होत नाही; वारंवार खूप उतरलेल्या साखरेचा होऊ शकतो, म्हणून ही घाई.

१५. काढा, गोमूत्र, साखर बंद: गाठ होऊ नये म्हणून काय द्यावं?

काही नाही. वरणभात, भाजी, अंडं, जे घरात शिजतं ते. लसीही सगळ्या, वेळेवर. यकृतावर लक्ष ठेवलेल्या मुलाला पुड्या आणि भस्मं देणं तर मुळीच नको.

१६. खर्च कुठून करायचा?

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत (जिल्हा, उपजिल्हा, ग्रामीण) १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या-उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात येत नाहीत. अंगणवाडी-शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे नाव नोंदवलं तर जिल्ह्याच्या केंद्रात पुढे पाठवतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि लहान मुलांच्या कॅन्सरचे उपचार त्यात बसतात, पण ती दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, दर तीन महिन्यांच्या सोनोग्राफीसाठी नाही.

खासगी विमा घेताना निदान लपवू नका. पुढे दावा नाकारायला तेच कारण पुरतं. आधीपासूनच्या आजारासाठी थांबायचा काळ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. पॉलिसीत 'बाह्य जन्मजात दोष' आणि 'अंतर्गत जन्मजात दोष' असे दोन शब्द शोधा. जीभ बाह्यात ढकलली जाते आणि बाह्य बहुतेक ठिकाणी वगळलेलं असतं. नोकरीच्या ठिकाणच्या सामूहिक विम्यात बाळ पहिल्या दिवसापासून येत असेल तर तोच आधी वापरा.

१७. सोनोग्राफीत काहीतरी दिसलं. आता?

दिसलेलं सगळं कॅन्सर नसतं. पाण्याने भरलेली साधी पिशवी (सिस्ट) असू शकते, किंवा मूत्रपिंडातले गर्भावस्थेतले अवशेष, ज्यावर फक्त बारीक लक्ष ठेवतात. पुढची पायरी बहुधा एमआरआय. या टप्प्यावर मुलांचे कॅन्सरतज्ज्ञ असलेल्या ठिकाणीच जा, जवळच्या सर्जनने 'उद्या काढून टाकू' म्हटलं तरी. आधी केमोथेरपी की आधी ऑपरेशन, मूत्रपिंडाचा किती भाग वाचवता येईल, हे तिथे बसून ठरतं, आणि या मुलांना दुसऱ्या मूत्रपिंडातही गाठ होऊ शकत असल्याने वाचवलेला प्रत्येक भाग मोलाचा. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल हे त्यातलं मोठं ठिकाण. बाहेरगावच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सची मोफत राहण्याची सोय असते, ती रुग्णालयाच्या समाजसेवकांमार्फत मिळते, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांना भेटा. लवकर सापडलेल्या विल्म्समध्ये दहापैकी नऊहून जास्त मुलं बरी होतात.

१८. दुसरं मूल होऊ द्यावं का?

प्रश्न ४ मधल्या प्रकारावर अवलंबून. यूपीडीत आणि बहुतेक आयसी२ मध्ये पुन्हा होण्याची शक्यता एक टक्क्याच्या आत. सीडीकेएन१सीचा दोष आईत असेल तर प्रत्येक बाळाला निम्मी शक्यता. आयसी१ च्या काही कुटुंबांत गुणसूत्राचा बारीक तुकडा गळालेला असतो, तिथेही तसंच. म्हणून आधी आईची तपासणी, मग निर्णय. एकसारख्या जुळ्यांत एकीलाच असणं नवल नाही. तरी दुसरीच्याही तपासण्या करायच्या, कारण पोटात असताना दोघींचं रक्त मिसळलेलं असू शकतं आणि रक्ताचा रिपोर्ट त्यामुळे फसवतो.

१९. मुलाला आणि शाळेला काय सांगायचं?

तीन-चार वर्षांच्या मुलाला 'तुझ्या पोटाचे फोटो काढायचेत, दुखणार नाही' पुरतं. 'काहीच नाही' म्हणू नका. काहीच नसेल तर आई तिथे गप्प का होते, हे त्याला कळत नाही. सहा-सात वर्षांचं मूल स्वतःहून विचारतं. तेव्हा 'तुझं शरीर जरा जास्त जोरात वाढतं, म्हणून डॉक्टर आत सगळं नीट आहे ना ते बघतात' एवढं खरं सांगता येतं. कॅन्सर हा शब्द त्याने बाहेरून ऐकण्याआधी घरात ऐकलेला बरा.

शाळेला बोलण्यातल्या अडचणीबद्दल, आणि पायांच्या लांबीत फरक असेल तर बुटाच्या उंचीबद्दल सांगा. गाठीच्या शक्यतेबद्दल सगळ्या वर्गाला कळायची गरज नाही. धावणं, कबड्डी, पोहणं सगळं चालतं. एकच मूत्रपिंड उरलं असेल तर तेवढं डॉक्टरांना विचारा.

२०. तपासणीच्या आधीचा आठवडा नको वाटतो. मलाच काही झालंय का?

जवळपास सगळ्यांना होतं. रिपोर्ट त्याच दिवशी तोंडी सांगाल का, हे केंद्राला आधीच विचारून ठेवा. वाट पाहण्याची ती एक रात्र तरी वाचते. नातेवाइकांना तारीख सांगू नका, नाहीतर संध्याकाळी अकरा फोन येतात आणि प्रत्येकाला तेच सांगावं लागतं. झोप आणि जेवण महिनाभर बिघडलेलंच राहिलं, किंवा मुलाचा प्रत्येक ताप म्हणजे गाठच वाटू लागली, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

२१. सात वर्षं झाली. आता खरंच थांबायचं?

हो. विल्म्सची या मुलांतली बहुसंख्य प्रकरणं त्याआधीच होतात. थांबताना काही आईबाबांना हायसं वाटण्याऐवजी आधार काढून घेतल्यासारखं वाटतं आणि ते 'अजून एकच' करून घेतात. केलीत तर तोटा नाही, मात्र ती तुमच्यासाठी असते. पायांच्या लांबीतला फरक वाढ पूर्ण होईपर्यंत अस्थितज्ज्ञांकडून मोजून घ्यायचा. रक्तदाब वर्षातून एकदा पाहायचा, आणि मोठेपणी मूतखडे होऊ शकतात म्हणून मूत्रपिंडांकडे अधूनमधून लक्ष. उंची लहानपणी वर्गात सर्वांत जास्त असली तरी मोठेपणी ती साधारण इतरांसारखीच होते.

२२. मुलगी मोठी होऊन तिच्या मुलांना होईल का? आणि मुलग्याच्या?

पुन्हा प्रकार बघा. यूपीडी आणि बहुतेक आयसी२ वाल्यांकडून पुढे जाण्याची शक्यता फार कमी. सीडीकेएन१सीचा दोष मुलीकडून तिच्या मुलांत निम्म्या शक्यतेने उतरतो. मुलग्याकडून उतरला तरी त्याच्या मुलांत सहसा आजार दिसत नाही, कारण वडिलांची ती प्रत तशीही बंद असते. पण त्याच्या मुलीकडे तो दोष असेल तर तिच्या मुलांत तो पुन्हा दिसू शकतो. म्हणजे एक पिढी कोरी जाते आणि घरातले म्हणतात, 'गेलं एकदाचं.' लग्न ठरवताना कुणाला काय सांगायचं हा तिचा-त्याचा निर्णय, पण मूळ जनुकीय रिपोर्ट अठराव्या वर्षी त्यांच्या हातात द्या, आणि गरोदरपणाआधी जनुकतज्ज्ञांना तोच दाखवायला सांगा.